त्येर्क हिडेस : नाव चाललं, जहाज राहिलं

१० मे १९४०च्या पहाटे जर्मन छत्रीधारी सैनिक रॉटरडॅमच्या वालहाफेन विमानतळावर उतरले. विमानतळाच्या शेजारीच हेइप्लाटची मोठी गोदी होती आणि तिथे नेदरलँड्सच्या दोन नव्या विनाशिका धक्क्याला बांधलेल्या होत्या : ‘गेरार्ड कालेनबुर्ग’ आणि ‘त्येर्क हिडेस’. १९३९च्या ऑक्टोबरात दोघींचं जलावतरण झालेलं, आत यंत्रं आणि तोफा बसवण्याचं काम चालू. त्यातली ‘त्येर्क हिडेस’ डच नौदलात कधी दाखल झालीच नाही. तिची हकीकत मात्र तिच्याबरोबर संपली नाही.

एकाच आराखड्याच्या एकूण चार विनाशिका. रॉटरडॅमला दोन, आणि व्लिसिंगेन बंदरात ‘इसाक स्वेर्स’ व ‘फिलिप्स फान आल्मोंडे’. सोळाशे टनांच्या आसपास वजन, १२० मिलिमीटरच्या पाच तोफा, आठ टॉर्पेडो नळ्या, छत्तीस नॉटच्या वर वेग. विमानांवर मारा करायला बोफोर्सच्या ४० मिलिमीटरच्या जोडतोफा, त्याही जहाज हेलकावत असताना नेम न ढळणाऱ्या हाझेमायर कंपनीच्या यंत्रणेवर बसवलेल्या. त्या काळात अशी यंत्रणा इंग्रजांकडेही नव्हती. डच सरकारला खरी काळजी होती ती आपल्या ताब्यातल्या जावा-सुमात्राची, तिथल्या तेलाची आणि जपानची. तरीही जहाजांचे सांगाडे उभे राहायला १९३८ उजाडलं. तटस्थ राहिलो तर युद्ध टळेल, या भरवशावर केलेली काटकसर होती ती. महागात पडली.

नावं सतराव्या शतकातल्या दर्यासारंगांची. शिवकाळात वेंगुर्ल्याला वखार घालून बसलेले वलंदेज म्हणजे हेच डच. फ्रीजलंडचा त्येर्क हिडेस १६६६ साली, म्हणजे महाराज आग्र्याहून निसटले त्याच वर्षी, इंग्रजांशी लढताना जबर जखमी होऊन गेला.

गोदीपासून समुद्र तीसेक किलोमीटर, आणि मधे नदीचा चिंचोळा जलमार्ग. वालहाफेनवर तोफा डागायला ‘फान गालेन’ ही जुनी विनाशिका त्याच मार्गाने आत आली. वळायला जागा नाही, वरून बाँब. त्या हल्ल्यात ती बुडाली. ज्या वाटेवर चालू जहाजाची ही गत झाली, त्या वाटेने अर्धवट जहाजं बाहेर काढणार कोण? १४ मे रोजी रॉटरडॅमवर बाँबवर्षाव झाला, देशाने शरणागती पत्करली, आणि १५ तारखेला दोन्ही नव्या विनाशिका शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून डचांनी स्वतःच बुडवल्या.

व्लिसिंगेनची ‘इसाक स्वेर्स’ यांच्यापेक्षा कितीतरी मागे होती. मार्चमध्येच पाण्यात उतरलेली. पण बंदर समुद्राच्या तोंडाशी. टगने तिला ओढत इंग्लंडला नेलं, साउदॅम्प्टनला ती पुरी झाली. डिसेंबर १९४१मध्ये बॉन भूशिराजवळ इटलीच्या दोन क्रूझर बुडवणाऱ्या चार विनाशिकांत ती होती (बाकीच्या तीन इंग्रजांच्या, त्यातल्या एकीचं नाव ‘सिख’). पुढे १३ नोव्हेंबर १९४२ला जर्मन पाणबुडीने तिला बुडवलं. १०८ जण गेले. ‘फिलिप्स फान आल्मोंडे’ अजून बांधणीच्या उतारावरच होती. तिथेच तिचा नाश करण्यात आला.

रॉटरडॅमच्या दोघी जर्मनांनी वर काढल्या. ‘गेरार्ड कालेनबुर्ग’ हँबर्गला नेऊन पुरी केली, नाव ठेवलं ‘झेडएच-१’, आणि जून १९४४मध्ये ब्रिटिश विनाशिकांनी ती बुडवली. ‘त्येर्क हिडेस’ दुरुस्तीपलीकडची निघाली. भंगारात गेली.

मग १९४२च्या मे महिन्यात इंग्रजांनी स्कॉटलंडमध्ये बांधलेली ‘नॉनपरेल’ ही आपली विनाशिका डचांना दिली. डचांनी तिचं नाव ठेवलं ‘त्येर्क हिडेस’. इंग्रजांच्या तोफांनी मेलेल्या माणसाचं नाव इंग्रजांच्याच जहाजावर! त्याला ते रुचलं असतं की नाही, देव जाणे. आणि जिच्या रक्षणासाठी मूळ विनाशिका घडत होती ती जावा मार्चमध्येच जपान्यांच्या हाती पडली होती.

तरी नाव त्या समुद्रात पोचलं. डिसेंबर १९४२मध्ये या दुसऱ्या ‘त्येर्क हिडेस’ने रात्रीच्या अंधारात जपानव्याप्त तिमोरच्या किनाऱ्यावरून शेकडो ऑस्ट्रेलियन आणि डच सैनिक, पोर्तुगीज स्त्रियामुलं उचलून डार्विनला पोचवली. 

१९५१ साली हीच विनाशिका नव्या इंडोनेशियाकडे गेली आणि मजापहित साम्राज्याच्या पंतप्रधानाच्या नावाने ‘गजा मादा’ झाली. त्या देशाची पहिली विनाशिका. डचांनी नंतर एका फ्रिगेटलाही ‘त्येर्क हिडेस’ हेच नाव दिलं. तीही १९८६मध्ये इंडोनेशियालाच विकली गेली, आणि तिथे तिचं नाव झालं ‘अहमद यानी’.