गाडी खाली बसवली, आता चाकाला जागा कोठून आणायची?

वस्तूचे रूप पालटून देण्यात उल्हासनगरचा हात धरणारा कोणी नाही. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत सिंधी निर्वासित आले, ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे उल्हासनगर झाले, आणि पुढच्या काळात 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद साऱ्या मुंबईत चालू लागला. गजानन मार्केटमुळे कॅम्प २ चे नाव कपड्यासाठी घेतले जाते. पण जेथे पैसा खेळतो तेथे गाड्या असतात, आणि गाड्या असतात तेथे पानापकड हाती घेतलेला कारागीरही असतो. कल्याण ते बदलापूर या पट्ट्यातील गॅरेज लाइनीत आपल्या बांधवांची संख्या लक्षात येण्याजोगी आहे. डेंटर, पेंटर, वायरमन, सस्पेन्शनवाला, प्रत्येकाचे आपापले काम ठरलेले.

सस्पेन्शनवाल्याकडे अलीकडे एक काम वारंवार येते. व्यापाऱ्याचा मुलगा नवी-जुनी स्विफ्ट किंवा होंडा सिटी घेऊन येतो आणि म्हणतो, "उस्ताद, गाडी दोन इंच खाली बसली पाहिजे. मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये बोटसुद्धा जायला नको." उस्ताद स्प्रिंग काढतात, ग्राइंडरने एक-दीड वेढा कापतात, पुन्हा बसवतात. संध्याकाळी गाडी झोकात दिसते. आठ दिवसांनी तोच मुलगा परत येतो. गाडी प्रत्येक खड्ड्यात धाड-धाड आपटते, गतिरोधकावर चेंबर घासतो, चार माणसे बसली की मागचा टायर लायनिंगला लागतो. "शॉकअप बदला," असे तोच सांगतो. पुष्कळ ठिकाणी शॉकअप बदललेही जातात, आणि महिन्याभरात नवेही गळू लागतात.

दोष शॉकअपचा नसतो. चाकाला वर जायला जागाच उरलेली नसते.

रबरावर बसलेली गाडी

उकिडवा बसलेला माणूस आणखी किती खाली बसणार? उभ्या माणसाच्या डोक्यावर पोते टाकले तर त्याचे गुडघे वाकतात आणि तो धक्का पचवतो. उकिडव्याच्या डोक्यावर टाकले तर तो धक्का थेट कण्याला लागतो. गाडीचेही असेच आहे.

आकड्यांत पाहू. समजा, पुढच्या शॉकअपचा दांडा गाडी जमिनीवर उभी असताना ९० मिलिमीटर मोकळा दिसतो. त्याच दांड्यावर वरच्या बाजूला ५० मिलिमीटर लांबीचा बंप स्टॉप, म्हणजे आपला नेहमीचा रबर, बसलेला आहे. मग मोकळी जागा राहिली ४० मिलिमीटर. खड्ड्यात चाक एवढे वर जाईपर्यंत फक्त स्प्रिंग काम करते, त्यानंतर रबर दबू लागतो. रबर दबून दबून सुमारे १७ मिलिमीटरचा होतो असे धरले, तर चाकाची एकूण वर जाण्याची मर्यादा झाली ७३ मिलिमीटर. आता हीच गाडी ५० मिलिमीटर खाली घ्या. मोकळा दांडा राहिला ४०. रबर तर ५० चा आहे! म्हणजे गाडी उभी असतानाच रबर १० मिलिमीटर दबलेला आहे आणि एकूण मर्यादा २३ मिलिमीटरवर आली आहे. अशी गाडी स्प्रिंगवर चालत नाही, रबरावर चालते. गिऱ्हाईक त्याला 'कडक सस्पेन्शन' म्हणतो, कारण कोणी तरी त्याला तसे सांगितलेले असते.

"वेढा कापला की स्प्रिंग कडक होते, त्यामुळे चाक तेवढे वर जातच नाही," असे उत्तर गॅरेजात मिळते. यात निम्मे खरे आहे. सहा काम करणाऱ्या वेढ्यांपैकी एक कापला तर स्प्रिंग सहास पाच या प्रमाणात, म्हणजे २० टक्के कडक होते. पण स्प्रिंग जेवढा धक्का पोटात घेते तो दबण्याच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. दबायची जागा निम्मी झाली तर तोच धक्का पेलण्यासाठी स्प्रिंग चौपट कडक हवी. येथे जागा एक तृतीयांशाहून कमी झाली आणि स्प्रिंग मात्र एक पंचमांशानेच वाढली. हिशेब कोठेच बसत नाही.

स्प्रिंग गॅसने तापवून खाली बसवण्याची पद्धत तर याहून वाईट. स्प्रिंगच्या पोलादाला कारखान्यात जे पाणी दिलेले असते ते ज्योतीने उतरते. अशी स्प्रिंग आधी हळूहळू बसत जाते आणि एक दिवस तुटते. हे काम कोणी कितीही पैसे दिले तरी करू नये.

आधी मोजा, मग पाना उचला

गाडी दारात आली की पहिले काम मापाचे. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत सरळ वर माप घ्यावे, चारही चाकांचे, आणि कागदावर लिहावे. जमिनीपासूनचे माप फसवे असते, कारण टायरचा नंबर आणि हवा बदलली की तेही बदलते. मग बॉडी जॅकवर उचलून चाक लोंबकळू द्यावे व पुन्हा माप घ्यावे. दोन्हींतील फरक म्हणजे चाकाची खाली जाण्याची मर्यादा. कापलेली स्प्रिंग या स्थितीत हाताने हलली किंवा गोल फिरली, तर ती आपल्या वाटीत पकडलेली नाही. मोठ्या खड्ड्यात चाक लोंबले की ती जागा सोडेल आणि परत येताना वाकडी बसेल. हा दोष आवाजाच्या दोषापेक्षा फार गंभीर आहे.

त्यानंतर एक स्वस्त युक्ती. शॉकअपच्या दांड्यावरचा धुळीचा बूट वर सरकवून दांड्याला वायरिंगची प्लास्टिक पट्टी, जिला आपण केबल टाय म्हणतो, घट्ट पण सरकेल अशी बांधावी आणि खाली शॉकअपच्या तोंडाशी टेकवावी. गाडी नेहमीच्या रस्त्यावर, नेहमीच्या माणसांसह फिरवून आणावी. पट्टी वर सरकून जेथे थांबली तेथपर्यंत शॉकअप दबला होता. पट्टी रबरापर्यंत पोचून तेथेच चिरडलेली सापडली तर निदान झाले: जागा संपली आहे.

पण पट्टी मध्येच थांबली आणि गाडी तरीही आपटते, असेही होते, आणि येथेच कारागिराची परीक्षा असते. म्हणजे रबराच्या आधी दुसरे काही तरी अडवत आहे. स्प्रिंगच्या वेढ्यांवर चकचकीत घासल्याच्या खुणा असतील तर वेढे एकमेकांना भिडत आहेत. वेढ्यांच्या मध्ये रबरी स्प्रिंग बफर घातलेला असेल तर तो आधी काढावा. बसलेली गाडी उचलायला लोक तो घालतात, पण तो एक वेढा कामातून बाद करतो, म्हणजे जागा वाढवत नाही, उलट खाऊन टाकतो.

सर्वांत जास्त दुर्लक्षित कारण लोअर आर्मच्या बुशचे आहे. हा बुश फिरत नाही. आतली नळी बोल्टने आवळलेली असते आणि मधला रबर पिळवटतो, तेवढीच त्याची हालचाल. बोल्ट चाक लोंबकळत असताना आवळला, तर गाडी खाली उतरवताच रबर पिळलेला राहतो, चाकाला वर जायला विरोध करतो आणि थोड्याच दिवसांत फाटतो. खाली घेतलेल्या गाडीत ही पिळवट आणखी वाढते. म्हणून आर्मचे बोल्ट सैल करून, गाडी स्वतःच्या चाकांवर उभी करून, दोन-चार वेळा दाबून मगच आवळावेत. खड्डा किंवा रॅम्प नसेल तर चाकांखाली भक्कम ठोकळे द्यावेत. या एका कामाने कित्येकदा निम्मी तक्रार जाते, आणि खर्च शून्य.

शेवटची तपासणी वेळखाऊ आहे, पण तिच्यात शंका राहत नाही. गाडी घोड्यांवर भक्कम ठेवावी. नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नये, हे पुन्हा सांगायला नको होते, पण सांगावे लागते. स्प्रिंग कॉम्प्रेसर लावून स्प्रिंग काढावी, शॉकअप विनास्प्रिंग परत बसवावा, चाक चढवावे आणि आर्मखाली जॅक लावून चाक हळूहळू रबर पूर्ण दबेपर्यंत वर न्यावे. मडगार्डच्या आत व चेसिसजवळ मुलांची खेळण्याची माती चिकटवली की कोठे लागते ते तिच्यावर उमटते. स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून पाहावे. टायर लायनिंगला लागतो का, लिंक रॉड कोठे टेकतो का, एक्सलचा कोन फार तिरपा झाला का, ब्रेकचा होज ताणला जातो का, हे सारे डोळ्यांसमोर दिसते.

उपाय

खरा आणि स्वस्त उपाय म्हणजे गाडी परत थोडी वर घेणे. वरच्या उदाहरणात गाडी ५० ऐवजी २५ मिलिमीटर खाली ठेवली तर मोकळा दांडा ६५ राहतो, रबराआधी १५ मिलिमीटर आणि एकूण ४८ मिलिमीटर जागा मिळते. दिसायला गाडी तरीही बसलेलीच दिसते. गिऱ्हाइकाला हे माप कागदावर दाखवले की पुष्कळदा तो ऐकतो.

त्याहून खाली हवी असेल तर शॉकअपचे नळकांडेच आखूड हवे. बाजारात जे कॉइलओव्हर संच मिळतात त्यांत दोन प्रकार आहेत. एकात नुसती स्प्रिंगची वाटी वर-खाली होते. वाटी खाली घेतली की गाडी खाली येते, पण दांड्याची जागाही तेवढीच जाते, म्हणजे पैसे खर्चून दुखणे तेच. दुसऱ्यात खालचा ब्रॅकेट शॉकअपच्या अंगावर चुड्यांनी चढतो, त्यामुळे उंची बदलली तरी दांड्याची मोकळी लांबी तीच राहते. गिऱ्हाइकाच्या पैशाने माल आणताना हा फरक विचारून घ्यावा.

रबर कापून जागा करणे हा मधला मार्ग आहे, पण मर्यादेत. रबराचे निमुळते टोक धक्का हळूहळू घेण्यासाठी असते, म्हणून ते ठेवावे आणि कापायचेच तर वरच्या, बसण्याच्या बाजूने थोडेसे कापावे. रबर काढूनच टाकला तर शॉकअपच्या आतला पिस्टन तळाच्या व्हॉल्व्हवर आदळतो. नवे शॉकअप महिन्यात का गळतात, त्याचे उत्तर येथे आहे.

गतिरोधकाचाही हिशेब पाहा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच व १७ मीटर त्रिज्येचा असतो. २४५० मिलिमीटर चाकांतर असलेली २०१८ ची स्विफ्ट त्याच्या बरोबर मध्ये उभी राहिली तर पोटाखालची जागा जेमतेम ४४ मिलिमीटरने कमी होते. तिची कंपनीची उंची १६३ मिलिमीटर. ५० खाली घेतली तरी रिकामी गाडी हलक्या चालीने निघून जाते. पण गल्लीतला गतिरोधक कोणत्या मापाने घातलेला असतो? अरुंद आणि १५ सेंटिमीटर उंच ढिगारा दोन चाकांच्या मध्ये आला की पूर्ण १५ सेंटिमीटर जागा जाते. मग चेंबर वाचत नाही. पावसाळ्यात वालधुनीचे पाणी रस्त्यावर आले की खाली घेतलेली गाडी सर्वांत आधी बंद पडते, ते निराळेच.

कायदा आणि ऐब

अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १९५८ पासून गाडीचा कोणताही भाग रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली असता कामा नये असा नियम लागू केला, तर १९५९ मध्ये तेथल्या एका तरुणाने विमानाचे हायड्रॉलिक पंप लावून बटणावर वर-खाली होणारी गाडी बनवली. शौकिनांची अक्कल सगळीकडे सारखीच धावते. आपल्याकडे मात्र मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात सांगितले की निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगीबाहेरचा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. "आरसी बुकात जमिनीपासूनची उंची लिहिलेलीच नाही," हा युक्तिवाद अपघातानंतर विमा कंपनीपुढे किती टिकेल, याचा विचार गिऱ्हाइकाने काम सांगण्याआधी करावा आणि कारागिराने त्याला तो करायला लावावा.

दुसरी बाब विक्रीची. कापलेल्या स्प्रिंगमध्ये बफर ठोकून उंची जुळवायची आणि 'कंपनी कंडिशन' म्हणून गाडी खपवायची, हा प्रकार जुन्या गाड्यांच्या बाजारात चालतो. मालातील ऐब लपवून विकणे आपल्या दीनमध्ये जायज नाही, हे दुकानात कापड मोजणाऱ्याला माहीत असते. पान्याने काम करणाऱ्याला तो नियम वेगळा नाही. गॅरेजात सोडलेली गाडी अमानत आहे. काढलेल्या मूळ स्प्रिंगा भंगारात न घालता मालकाच्या डिकीत ठेवाव्यात व बिलावर तसे लिहावे.

काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट करावीच लागते, कारण उंची बदलली की टायरॉडचा कोन आणि चाकाचा कल दोन्ही बदलतात आणि टायर आतल्या कडेने झिजतो. हेडलाइटचा झोतही नव्याने जुळवावा. काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह एका छोट्या स्प्रिंगने मागच्या एक्सलला जोडलेला असतो. गाडी खाली घेतली की त्याला वाटते माल भरला आहे, आणि तो मागच्या चाकांना जादा ब्रेक देतो. ओल्या रस्त्यावर रिकामी गाडी त्यामुळे गर्रकन फिरू शकते. असा व्हॉल्व्ह असेल तर त्याची जुळणी बदललेल्या उंचीप्रमाणे केल्याशिवाय चावी मालकाच्या हाती देऊ नये.