गोळी सादळते तेव्हा

पावसाळ्यात डब्याबाहेर राहिलेला पापड सादळतो. पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्यांचंही तसंच होतं. घरातल्या वडीलधाऱ्यांची सोय व्हावी म्हणून आपण आठवड्याच्या गोळ्या पट्टीतून सोडवून खणांच्या डबीत भरतो. नेमकी तिथेच ओल शिरते.

आधी गोळीत काय असतं ते पाहू. फसफसणाऱ्या गोळीत खाण्याचा सोडा आणि सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबातलं आम्ल, कोरडे असताना एकत्र दाबलेले असतात. पाणी मिळालं की दोघांची क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात.

हे पाणी पेल्यातलंच लागतं असं नाही. दमट हवेतली वाफही पुरते. शिवाय या क्रियेतून पाणीच तयार होतं आणि ते गोळीचा पुढचा भाग भिजवतं. म्हणून ओल लागलेली गोळी नंतर घट्ट झाकणात ठेवली तरी आतून बिघडत राहते.

जिभेवर विरघळणाऱ्या गोळीत फुगून गोळी फोडणारे घटक असतात. ते हवेतली ओल शोषून आधीच फुगतात. गोळी मऊ पडते, कडा झडतात.

कधी औषधच बदलतं. ॲस्पिरिन ओलाव्याने मोडतं आणि त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं. म्हणून जुन्या गोळीला व्हिनेगरसारखा वास येतो.

आता मुदतीची तारीख. कंपनी गोळीची चाचणी विक्रीच्या वेष्टनासकट घेते. त्यातल्या एका चाचणीत ती ४० अंश सेल्सिअस तापमानात आणि ७५ टक्के आर्द्रतेत, म्हणजे हवेतल्या दमटपणात, सहा महिने ठेवतात. छापलेली तारीख त्या बंद वेष्टनातल्या गोळीची असते. उघड्या गोळीला ती लागू नाही.

मग डबी भरायची कशी? कप्पा न फोडता पट्टी कात्रीने कापावी आणि तो तुकडाच खणात ठेवावा. नाव आणि मुदत छापलेला भाग जपून ठेवावा. पातळ पापुद्र्याची पट्टी असेल तर गोळी बोटाने ढकलू नये, पापुद्रा सोलावा.

नळीतल्या गोळ्या नळीतच राहू द्याव्यात. तिच्या झाकणात बहुधा ओल शोषणारे सिलिका जेलचे दाणे असतात, म्हणून गोळी काढताच झाकण लावावं. न्हाणीघर आणि शेगडीजवळची फळी टाळावी. सांगितलं नसेल तर फ्रिजही नको, कारण थंड नळी बाहेर काढताच तिच्यावर दव धरतं.

गोळी फुगलेली, डागाळलेली किंवा चिकट दिसली, पाण्यात नीट फसफसली नाही, तर ती देऊ नये. औषधाच्या दुकानातल्या फार्मासिस्टला दाखवावी आणि नवी आणावी.