मोटारीचा श्वास

अन्नावांचून मनुष्य कित्येक दिवस काढूं शकतो, पाण्यावांचून दोन-तीन दिवस. परंतु श्वासावांचून कांहीं मिनिटेंही त्याचा निभाव लागत नाहीं. मोटारीची गोष्ट यापेक्षां निराळी नाहीं. असें असूनही आपल्या घरीं मोटारीविषयीं बोलणें निघालें म्हणजे "लिटरला किती धांवते?" एवढाच प्रश्न होतो, ती श्वास कसा घेते, हें कोणी विचारीत नाहीं. प्रस्तुत लेखकानेंही तें विचारिलें नसतें. परंतु गेल्या चैत्रांत आमच्या घरीं असा प्रसंग आला कीं, तो प्रश्न टाळतां येईना.

आम्ही वाईचे रहिवासी. ज्येष्ठ बंधु, वहिनी, आम्ही उभयतां व पुढची पिढी मिळून आठ माणसें एका घरांत राहतों, आणि मोटार एकच. बंधूंच्या धाकट्या चिरंजीवास नुकतीच नोकरी लागली आहे. पसरणीचा घाट चढतांना गाडी कण्हते, अशी त्याची तक्रार होती. त्यावर त्यानें उपायही शोधून आणिला. इंजिनाकडे हवा नेणारी प्लास्टिकची पेटी काढून टाकावयाची व तिच्या जागीं शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर बसवावयाचा. खर्च वीस-बावीस हजार रुपये. विक्रेत्याचें म्हणणें असें कीं, यानें जोर वाढतो व पेट्रोलही वाचतें. वहिनी भाजी निवडीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भावोजी, जाळ मोठा करायचा आणि लांकूडही कमी लागायचें, हें कसें हो जमायचें?"

वहिनींचा हा प्रश्न वरवर साधा वाटला, तरी सगळें शास्त्र त्यांतच सांठविलेलें आहे.

पेट्रोल एकटें जळत नाहीं. त्यास हवा लागते, आणि तीही ठराविक प्रमाणांत. एक भाग पेट्रोल पूर्ण जळावयास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा पाहिजे. लिटरभर पेट्रोलाचें वजन पाऊण किलोच्या आंतबाहेर. म्हणजे त्यास जवळजवळ ११ किलो हवा लागली. हवा हलकी असल्यामुळें एवढ्या वजनाच्या हवेस सुमारें ९००० लिटर जागा लागते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद व तितक्याच उंच खोलींतली सारी हवा तीन लिटर पेट्रोल जाळण्यांत संपते. स्वस्थ बसलेला मनुष्य मिनिटास सात-आठ लिटर हवा आंत घेतो. १२०० घनसेंटिमीटरचें लहानसें इंजिन मिनिटास ३००० फेरे घेत असतां, श्वास पुरा भरल्यास, १८०० लिटर हवा ओढतें. म्हणून इंजिनाचें बळ किती, हें तें किती हवा घेऊं शकतें यावर ठरतें. हवेच्या प्रमाणांत पेट्रोल ओतणें सोपें आहे. हवा आंत घेणें हेंच कठीण काम आहे.

घाटांत गाडी कण्हते याचें एक कारणही येथेंच सांपडतें. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारें १३५० मीटर उंच आहे. तेथील हवा समुद्रकांठच्या हवेपेक्षां जवळजवळ एक अष्टमांशानें विरळ असते. तेवढ्या प्रमाणांत इंजिनाचा श्वास अपुरा पडतो, आणि साध्या इंजिनाचा जोरही तितकाच कमी होतो. हा दोष गाडीचा नव्हे, उंचीचा आहे.

आतां उष्णतेचा विचार करूं. तापलेली हवा पसरते. तेवढ्याच जागेंत तिचें वजन कमी भरतें. ३० अंशांची हवा ६० अंशांपर्यंत तापली, तर त्याच पेल्यांत सुमारें नऊ टक्के हवा कमी मावते. थंड हवा इंजिनास द्यावी, हें विक्रेत्याचें तत्त्व म्हणून खरेंच आहे. परंतु पुष्कळशा गाड्यांत कारखानदारानें हवेची नळी पुढच्या जाळीजवळ, इंजिनाच्या झळेपासून दूर नेऊन ठेविलेली असते. ती काढून झांकणाखालीं उघडा शंकु बसविला, तर थंड हवेच्या नांवाखालीं गाडी इंजिनाभोंवतालची तापलेली हवाच पिऊं लागते! स्वतंत्र आडोसा व नळी असलेला चांगला संच बसविल्यास, पाय पुरता दाबलेला व फेरे पुष्कळ असतां, थोडासा जोर वाढूं शकतो. मग गाडी बदलल्याचा भास कां होतो? तर आवाजामुळें. मूळच्या पेटींत श्वासाचा घोष दाबून टाकण्याची योजना असते. ती काढली कीं गाडी गुरगुरूं लागते, आणि कान पायास सांगतो कीं जोर वाढला. उथळ पाण्यास खळखळाट फार म्हणतात, त्यांतलाच हा प्रकार.

राहिला पेट्रोल वांचविण्याचा प्रश्न. पेट्रोलच्या गाडींत आपण पायानें दाबतों तें पेट्रोल नव्हे. आपण हवेच्या वाटेवरची एक झडप उघडतों. गांवांतून सावकाश जातांना ही झडप बहुतेक मिटलेलीच असते. म्हणजे आपणच हेतुपूर्वक इंजिनाचा गळा आवळून धरिलेला असतो. अशा वेळीं फिल्टर थोडा कोंदला, तर पाय नकळत किंचित् अधिक दाबला जातो व इंजिनास हवी तेवढी हवा मिळते. आंत आलेली हवा किती, हें एक यंत्र मोजतें. धुराच्या नळींतील दुसरें यंत्र शिल्लक प्राणवायु पाहतें, आणि गाडींतील लहानसा संगणक त्या मानानें पेट्रोलाचें प्रमाण राखतो. हवा अधिक आली कीं तो पेट्रोलही अधिक देतो. अर्थात् जोर वाढावयाचा तर पेट्रोल जळावयाचेंच. वहिनींचें उत्तर तें हेंच.

याची परीक्षाही झालेली आहे. अमेरिकेंतील टेनेसी राज्यांत ओक रिज येथें मोठी राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. तिनें २००९ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत संगणकाच्या नियंत्रणाखालीं चालणाऱ्या पेट्रोल गाड्यांचे फिल्टर मुद्दाम कोंदून पाहिले. पेट्रोलाच्या खर्चांत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. वेग घेण्यास मात्र गाड्यांस अधिक वेळ लागला. स्वच्छ फिल्टर बसविल्यावर तो वेळ सुमारें ६ ते ११ टक्क्यांनीं सुधारला. पुढें कार्ब्युरेटरच्या एका जुन्या गाडीवर तोच प्रयोग केला, तेव्हां मात्र नव्या फिल्टरनें खर्चही २ ते ६ टक्के कमी झाला. कारण उघड आहे. कार्ब्युरेटरास डोळे नसतात. फिल्टर कोंदला कीं हवा कमी येते, परंतु ओढ वाढल्यानें पेट्रोल अधिक खेंचलें जातें व बरेंचसें तें अर्धवट जळून धुरावाटें जातें.

ही कार्ब्युरेटरची गोष्ट मला पुस्तकांतून शिकावी लागली नाहीं. तिची किंमत आमच्या घरानें दिलेली आहे, आणि तींत दोष माझा आहे.

१९८६ सालीं दादांनीं एक जुनी पद्मिनी घेतली होती. आमची थोडी शेती वाईपासून आठ मैलांवर. वाट गाडीरस्त्याची, उसाच्या बैलगाड्यांनीं पीठ झालेल्या मातीची. वर्षभरांत गाडी काळा धूर ओकूं लागली व पेट्रोल फार खाऊं लागली. मिस्त्रीनें फिल्टर काढून दाखविला. तो मातीनें गच्च भरला होता. नवा त्या दिवशीं मिळेना. मिस्त्री म्हणाला, "फिल्टर नसला तरी चालतें." दादा कांकूं करूं लागले. मी तेव्हां ऐन उमेदींतला मास्तर. चार संस्कृत ग्रंथ शिकलों म्हणून यंत्रही मला कळतें अशी माझी समजूत! मीं दादांस सांगितलें, "गुदमरलेल्या माणसाच्या तोंडावरचा पदर काढावा कीं ठेवावा?" दृष्टांत दादांस पटला. पदर काढला गेला.

आश्चर्य असें कीं, गाडी खरोखरच सुधारली. धूर थांबला, पेट्रोल कमी लागूं लागलें, आणि मीं माझ्या दृष्टांताची फुशारकी घरभर मिरविली. नवा फिल्टर आणावयाचें मग कोणाच्याच लक्षांत राहिलें नाहीं. परंतु मातींत गारगोटीचे जे सूक्ष्म कण असतात, ते इंजिनाच्या लोखंडाहूनही कठीण असतात. तेलाशीं मिसळून त्यांची कानस बनते, आणि ती कानस पिस्टनच्या रिंगा व सिलिंडरच्या भिंती रात्रंदिवस घांसते. दीड वर्षानें गाडीच्या मागून निळा धूर येऊं लागला; पेट्रोल वांचलें, पण इंजिन तेल पिऊं लागलें. शेवटीं इंजिन उतरवून बोअर करावें लागलें, पिस्टन व रिंगा नवीन घालाव्या लागल्या. तो खर्च जेथून निघाला ते पैसे आईच्या काशीयात्रेसाठीं ठेविलेले होते.

आई म्हणाली, "काशी कुठें पळून जाते आहे? पुढच्या वर्षीं जाऊं." पुढच्या वर्षीं तिचे गुडघे धरले. त्यानंतर तिला लांबचा प्रवास झाला नाहीं. तिनें मला एका शब्दानेंही बोल लाविला नाहीं, दादांनींही नाहीं. दृष्टांत सुंदर होता, परंतु तोंडावरचा पदर व नाकांतला केस यांतला भेद मला कळला नव्हता. फिल्टर हा श्वास कोंडणारा पदर नव्हे. तो धूळ अडविणारा नाकांतला केस आहे. तो मळला तर बदलावा, उपटूं नये.

पुतण्यास मीं हें सारें सांगितलें. आजीची यात्रा राहिली हें त्यास ठाऊक होतें. ती कशामुळें राहिली हें ठाऊक नव्हतें. तो थोडा वेळ कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, "काका, आधीं आपल्या गाडीची पेटी उघडून तरी पाहूं." चार चिमटे सोडवून झांकण काढलें. आंत वाळलेलीं पानें, एक पीस आणि राखाडी झालेला कागदी फिल्टर! कंपनीच्या पुस्तकांत सांगितलेली मुदत केव्हांच टळून गेली होती. कांहींशे रुपयांचा नवा फिल्टर बसविला. वहिनींनीं टांकी पूर्ण भरून दर वेळचे लिटर व किलोमीटर वहींत टिपण्याचें काम आपणांकडे घेतलें. आज तीन महिने झाले. त्यांच्या वहींत पेट्रोलाचा फरक दिसत नाहीं. परंतु घाट चढतांना गाडी पूर्वीसारखी कण्हत नाहीं, असें पुतणा सांगतो. ओक रिजच्या प्रयोगाशीं आमची घरगुती वही जुळली, याचा वहिनींस विशेष आनंद आहे.

आतां वाचकांच्या उपयोगाच्या कांहीं गोष्टी सांगतों. फिल्टर गाडीच्या पुस्तकांतील मुदतीप्रमाणें बदलावा. धुळीच्या वाटेनें नेहमीं जाणारांनीं त्याहून लवकर पाहावा. कागदी फिल्टर पाण्यानें धुवूं नये, व जोराच्या हवेच्या झोतानेंही झाडूं नये. कागद फाटल्यास बाहेरून कळत नाहीं. पेटी बंद करतांना रबराची कड नीट बसली कीं नाहीं हें पाहावें. तेथील लहानशी फट फिल्टर नसल्यासारखीच आहे. तेल लावून वापरावयाचे कापडी फिल्टर असतात. त्यांस तेल जास्त झाल्यास तें हवा मोजणाऱ्या यंत्रावर जाऊन बसूं शकतें. डिझेल गाडीचा फिल्टर कोंदला तर जोर जातो व काळा धूर येतो, हेंही ध्यानांत ठेवावें.

पाण्याविषयीं विशेष सांगणें आहे. हवा दाबली जाते, पाणी दाबलें जात नाहीं. श्वासाच्या नळींतून पाणी सिलिंडरांत शिरलें, तर वर येणारा पिस्टन त्यावर आदळतो व त्यास जोडलेला दांडा वांकतो. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तशा तुंबलेल्या पाण्यांत गाडी घालणें म्हणजे तिला नाकानें पाणी पाजणें होय. बंद पडल्यास ती पुन्हां सुरू करण्याचा प्रयत्न करूं नये. ढकलून कोरड्या जागीं न्यावी व मिस्त्रीस दाखवावी. हवेची नळी खालीं आणणारे संच बसविलेल्या गाड्यांस हा धोका अधिक.

आणि पेट्रोल वांचवावयाचें असेल, तर चाकांत हवा पुरेशी ठेवावी, वेग एकसारखा राखावा, व पुढें तांबडा दिवा दिसत असतां उगाच पाय दाबूं नये. यांस वीस हजार रुपये लागत नाहींत.

पुतण्यानें तो संच घेतला नाहीं. मीं त्यास मनाई केली नव्हती. पैसा त्याच्या कमाईचा आहे. परवां त्यानें वहिनींस विचारिलें, "आई, काशीस आगगाडीनें जायला किती दिवस लागतात?" वहिनींनीं उत्तर दिलें नाहीं, त्या वही घेऊन आंत गेल्या. दादा मात्र माझ्याकडे पाहून हंसले.