कासरा व्हॉल्व्हचा, ताकद पुरवठ्याची

वर्धा-आर्वी रस्त्यावरच्या आंजी (मोठी) इथल्या एका तरुण वाचकाचा प्रश्न आला आहे. घरात आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ पडून आहे. त्यातले व्हॉल्व्ह काढून हेडफोनसाठी अँप्लिफायर बांधता येईल का, आणि पुढे महागडे परदेशी व्हॉल्व्ह बसवून त्याचा आवाज किती सुधारेल? यातला पहिला प्रश्न मला मनापासून आवडला. दुसऱ्यामागे जी समजूत आहे ती मात्र मला पटत नाही आणि आजचा लेख मुख्यतः त्याबद्दलच आहे.

रेडिओचं आधी बघू. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झालं. त्या काळात आणि त्यानंतरही बरीच वर्षं वीज नसलेल्या खेड्यांत बॅटरीवरचे संच असत. डीके ९६, डीएफ ९६, डीएएफ ९६ आणि डीएल ९६ हे त्यातले नेहमीचे व्हॉल्व्ह. फिलामेंटला १.४ व्होल्ट, प्लेटला ९० व्होल्टची बॅटरी, एवढ्यावर त्यांचं भागे. वीज आल्यावरचे संच दोन प्रकारचे. ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईसीएल ८२ असे ‘ई’चे व्हॉल्व्ह ६.३ व्होल्टवर तापतात आणि सहसा ट्रान्सफॉर्मरच्या संचात सापडतात. यूसीएच ८१, यूसीएल ८२ असे ‘यू’चे व्हॉल्व्ह असतील तर सावध राहा. अशा संचांत बहुधा ट्रान्सफॉर्मर नसतो, सगळे हीटर एका माळेत जोडून थेट मेन्सवर टाकलेले असतात आणि चासी मेन्सच्या एका वायरीला जोडलेली असते. प्लग उलटा बसला की चासीत करंट. अशा सर्किटला हेडफोन जोडणं म्हणजे तो करंट डोक्यापर्यंत नेणं. हे कधीही करू नका.

शिवाय रेडिओतले बहुतेक व्हॉल्व्ह लहरी पकडण्याच्या आणि गाळण्याच्या कामाचे. आपल्याला उपयोगी पडेल असा त्यात फार तर ईसीएल ८२. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये १९६१ पासून व्हॉल्व्ह बनू लागले आणि आपल्याकडच्या असंख्य संचांत ते बसले. असा चालू स्थितीतला संच आता दुर्मिळ आहे. आजोबांचा संच तसाच दुरुस्त करून ऐका आणि अँप्लिफायरसाठी ईसीसी ८२ किंवा ईसीसी ८८ वेगळे घ्या.

‘व्हॉल्व्हवर हेडफोन’ ही हौशी लोकांनी अलीकडे काढलेली टूम आहे असं अनेकांना वाटतं. मला तर वाटतं की व्हॉल्व्हचं मूळ कामच ते. ली द फॉरेस्टने १९०६ मध्ये ऑडिऑन बनवला तेव्हा त्याचा आवाज ऐकायला कानाला लावायचा रिसीव्हरच होता. द फॉरेस्टला स्वतःला मात्र हा व्हॉल्व्ह का चालतो हे नीट कळलं नव्हतं. आत थोडा वायू हवाच, अशी त्याची समजूत होती. १९१२ च्या शरदात त्याने ऑडिऑन अमेरिकन टेलिफोन कंपनीच्या इंजिनिअरांना दाखवला. आवाज वाढला खरा, पण व्होल्टेज चढवलं की आत निळसर धूर पसरल्यासारखा दिसायचा आणि आवाज फाटायचा.

ते पाहणाऱ्यांत हॅरॉल्ड आर्नोल्ड होता. इलेक्ट्रॉनवरचा विद्युतभार मोजून पुढे नोबेल मिळवणाऱ्या मिलिकनचा हा विद्यार्थी. आर्नोल्डला चटकन उमगलं की निळा प्रकाश हाच दोष आहे. उरलेल्या वायूचे रेणू इलेक्ट्रॉनांच्या धडकेने आयनित होतात आणि प्रवाहावरचा ग्रिडचा, म्हणजे मधल्या जाळीचा, ताबा सुटतो. त्याने वायू शक्य तितका उपसून काढला, फिलामेंटवर ऑक्साइडचा थर दिला, ग्रिड आणि प्लेटची मांडणी मोजून-मापून पक्की केली. १९१३ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क-वॉशिंग्टन टेलिफोन लाइनवर फिलाडेल्फियाला त्याचे व्हॉल्व्ह बसले. २५ जानेवारी १९१५ ला न्यूयॉर्कमधून ग्रॅहॅम बेल सॅन फ्रान्सिस्कोतल्या आपल्या जुन्या सहायकाशी, वॉटसनशी, बोलला तो याच व्हॉल्व्हांच्या आधारावर.

जनरल इलेक्ट्रिकमध्ये अर्व्हिंग लँगम्यूरही त्याच सुमाराला निर्वात व्हॉल्व्हवर पोचला होता. पेटंटचा वाद वर्षानुवर्षं चालला आणि १९३१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लँगम्यूरचं पेटंट अवैध ठरवलं. लँगम्यूरला १९३२ मध्ये नोबेल मिळालं, पण वेगळ्या संशोधनासाठी. द फॉरेस्टला ‘रेडिओचा जनक’ म्हणवून घ्यायला आवडे. आर्नोल्ड १९३३ मध्ये पन्नाशीही गाठण्याआधी वारला आणि आज त्याचं नाव व्हॉल्व्हप्रेमींच्याही तोंडी नाही. ज्याने ऑडिऑनला भरवशाचं यंत्र बनवलं तो माणूस विसरला जावा, याची मला खरोखर खंत वाटते.

आणि त्याचं काम आंजीपासून तितकंसं दूर नाही. सेवाग्रामच्या आश्रमात व्हाइसरॉय लिनलिथगोने गांधीजींशी संपर्कासाठी बसवलेला टेलिफोन आजही जपलेला आहे. दिल्लीहून वर्ध्यापर्यंतच्या तांब्याच्या तारांत आवाज विरत जातो. अशा लांब ट्रंक लाइनींवर ठरावीक अंतराने रिपीटर लागत आणि त्या काळी रिपीटर म्हणजे व्हॉल्व्हच. काही मिलीवॅट इतक्या अल्प शक्तीवर माणसाच्या कानाशी स्वच्छ बोलणं, हेच त्याचं काम. हेडफोन अँप्लिफायरचं कामही तेवढंच.

आता ‘सुधारणे’कडे वळू. अँप्लिफायर आत येणारा संकेत ताणून मोठा करतो, ही समजूत आधी सोडायला हवी. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, धुरकऱ्याच्या हाती कासरा असतो. त्याची ओढ हलकी असते, पळण्याची ताकद बैलांची असते आणि बैलांत ती ढेप-सरकीतून आलेली असते. व्हॉल्व्हचा ग्रिड हा कासरा. त्यावर येणारा गाण्याचा संकेत फक्त दिशा देतो. हेडफोनचा पडदा हलवणारी शक्ती सगळी वीजपुरवठ्यातून येते, ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि कंडेन्सरमधून. पुरवठा थरथरत असेल तर ती थरथर आवाजात उतरणारच, मग धुरकरी कितीही नामांकित असो.

हे आकड्यांत पाहा, कारण इथेच नवशिक्यांचे अँप्लिफायर फसतात. समजा हेडफोन ३०० ओहमचा आहे आणि एका मिलीवॅटला १०० डेसिबल देतो. एक मिलीवॅट म्हणजे त्याच्यावर साधारण ०.५५ व्होल्ट. आता पुरवठ्यातून फक्त एक मिलीव्होल्ट घरघर आत शिरली तर ती कानाशी सुमारे ४५ डेसिबल होते. मेन्स ५० हर्ट्झची, रेक्टिफायरनंतरची घरघर १०० हर्ट्झची, आणि त्या कंपनसंख्येला आपल्या कानाचा उंबरठा साधारण २६ डेसिबल. म्हणजे ती स्पष्ट ऐकू येणार. तीच एक मिलीव्होल्ट ८ ओहमच्या साधारण स्पीकरवर गेली तर एक मीटरवर १९ डेसिबलच्या आसपास राहते, उंबरठ्याच्या खाली. स्पीकरवर ‘एकदम शांत’ वाटणारं सर्किट हेडफोनवर घोंघावतं ते यामुळे.

उपाय स्वस्त आहे. पुरवठ्याच्या वाटेत एक किलोओहमचा रेझिस्टर आणि मागे १०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर टाकला की १०० हर्ट्झची घरघर सुमारे ६० पटींनी घटते. २० मिलीअँपिअर प्रवाहाला व्होल्टेज जातं फक्त २० व्होल्ट. असे दोन टप्पे लावा, हीटरला एसीऐवजी स्थिर डीसी द्या, सगळ्या अर्थच्या वायरी एका बिंदूवर आणा आणि ट्रान्सफॉर्मर पहिल्या व्हॉल्व्हपासून लांब, आडवा वळवून बसवा. माझ्या मते खरी सुधारणा ही.

दुसरी गोष्ट आउटपुट रोधाची. कॅथोड फॉलोअरमध्ये, म्हणजे कॅथोडवरून आउटपुट घेणाऱ्या सर्किटमध्ये, ईसीसी ८२ चा आउटपुट रोध सुमारे ४३० ओहम भरतो, ईसीसी ८८ चा ८० च्या आसपास. ३०० ओहमच्या हेडफोनचा रोध सगळीकडे ३०० नसतो. खालच्या सुरांत, शंभर हर्ट्झच्या आसपास, तो ५०० पर्यंत चढत असेल तर ईसीसी ८२ वर तिथला आवाज दोन डेसिबलहून जास्त फुगतो, ईसीसी ८८ वर एका डेसिबलच्या आत राहतो. लोक ज्याला ‘व्हॉल्व्हची ऊब’ म्हणतात त्यातला मोठा हिस्सा हा फुगवटा आहे. ट्रायोडची दुसरी हार्मोनिकही त्यात असते, आणि ती कानाला गोड लागते हे मी नाकारत नाही. पण फुगवटा हवा असेल तर एक रेझिस्टर जोडून कुठल्याही अँप्लिफायरमध्ये आणता येतो. ३२ ओहमचा हेडफोन असेल तर असं सर्किट बांधूच नका. त्याला पुरेसा प्रवाह मिळणार नाही. त्यासाठी पुढे ट्रान्झिस्टर किंवा आउटपुट ट्रान्सफॉर्मर हवा.

गावातल्या विजेचाही हिशोब धरा. कृषिपंप सुरू झाल्यावर जिथे दाब २३० वरून १८० व्होल्टवर येतो, तिथे ६.३ व्होल्टच्या हीटरला ४.९ व्होल्टच मिळतात आणि कॅथोडमधून इलेक्ट्रॉन निघणं मंदावतं. हीटरला रेग्युलेटर लावणं म्हणूनच इथे पुण्या-मुंबईपेक्षा जास्त गरजेचं. वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सरचं आयुष्य दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं. १०५ अंशांचे कंडेन्सर घ्या आणि व्हॉल्व्हपासून दूर बसवा.

मग महागडे व्हॉल्व्ह? नवे व्हॉल्व्ह आज स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये बनतात आणि त्यातले चांगले निवडले तर काम उत्तम होतं. जुन्या जर्मन-ब्रिटिश व्हॉल्व्हांच्या नावाने पुसून पुन्हा छापलेला मालही बाजारात फिरतो. व्हॉल्व्ह बदलल्यावर फरक पडू शकतो, पण तो बहुधा वाढीव गेनचा किंवा कमी खरखरीचा असतो. थोडा मोठा झालेला आवाज कानाला नेहमीच ‘चांगला’ वाटतो. दोन्ही व्हॉल्व्हांचा आवाज मल्टीमीटरने सारखा करून, कोणता लावला आहे हे न बघता ऐकल्याशिवाय त्यावर पैसे घालू नका. तेच पैसे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ओळखीच्या वाइंडरकडे चांगल्या ट्रान्सफॉर्मरवर घाला.

पहिलाच प्रयत्न असेल तर उच्च दाबाचं सर्किट टाळा. १९५० च्या दशकात मोटारींच्या रेडिओंसाठी १२ व्होल्टच्या प्लेटवर चालणारे व्हॉल्व्ह निघाले होते. ते आणि पुढे ट्रान्झिस्टर अशी मिश्र सर्किटं अमेरिकन डिझायनर पीट मिलेटने हौशी लोकांत रुजवली आणि ती शिकायला सुरक्षित आहेत.

२५० व्होल्टचं बांधायचंच असेल तर एवढं पाळा. २५० व्होल्टला भरलेल्या २२० मायक्रोफॅरड कंडेन्सरमध्ये जवळजवळ ७ जूल ऊर्जा असते आणि प्लग काढल्यावरही ती राहते. त्याच्या दोन टोकांत २२० किलोओहमचा, एक वॅटचा रेझिस्टर कायमचा जोडून ठेवा. मग प्लग काढून चार-पाच मिनिटं थांबा आणि हात घालण्याआधी मीटरने व्होल्टेज मोजा. चालू करताना आउटपुट कंडेन्सर हेडफोनमधूनच भरतो, म्हणून पहिली ३०-४० सेकंद हेडफोन वेगळा ठेवणारा रिले लावा. आणि पहिल्या चाचणीला हेडफोन जोडूच नका. त्याच्या जागी ३०० ओहमचा रेझिस्टर लावा, त्यावर डीसी मोजा, आणि ते शून्यावर येऊन तिथेच टिकलं तरच हेडफोन कानाला लावा.