एकाच डोक्यावर चार तऱ्हा
केसांचा कारभार : भाग 6

1967 च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लव्हिंग दाम्पत्याच्या बाजूने निकाल दिला, त्या दिवसापर्यंत 16 राज्यांत गोऱ्या-काळ्यांचं लग्न बेकायदा होतं. तो प्रश्न न्यायालयाने सोडवला. अशा घरांतल्या मुलांच्या केसांचा गुंता सोडवायचं काम मात्र आयांच्या वाट्याला आलं, आणि पुष्कळ जणींना ते कुणी शिकवलेलंच नव्हतं. सरळ केसांत वाढलेली आई स्वतःला ठाऊक असतं तेच करते. एक दिवसाआड शाम्पू, टॉवेलने खसाखसा पुसणं, वाळल्यावर ब्रश. मग लेकीच्या डोक्यावर पिंजारलेला ढीग आणि घरात रडारड.

केसाची रचना मागच्या भागात आलीच आहे, तेव्हा इथे कामापुरतं. केसाचा कूप वाकडा असला की केस चपटा, वळणं घेत उगवतो. टाळूचं तेल सरळ केसावरून टोकापर्यंत सहज उतरतं. वळणावळणाच्या केसावर ते वाटेतच अडतं. म्हणून टोकं कोरडी. शिवाय प्रत्येक वळण म्हणजे तुटायची एक जागा.

मिश्रवंशीय मुलांत यावर आणखी एक कडी. केसाचं वळण एका जनुकाच्या हातात नसतं, त्यामुळे आई-बापांच्या केसांची सरासरी काढून मूल जन्माला येत नाही. मानेवर मोठी सैल वळणं, डोक्याच्या मध्यावर बोटात मावणार नाहीत इतकी घट्ट, कानशिलाजवळ नुसती लहर, हे सगळं एकाच डोक्यावर सापडतं. सख्ख्या बहिणींचेही केस जुळतीलच असं नाही. ओप्रा विन्फ्रीचा केशरचनाकार आंद्रे वॉकर याने नव्वदच्या दशकात केसांचे एक ते चार असे प्रकार मांडले. पुढे त्यांना अ-ब-क अशा पोटशाखा फुटल्या. दुकानातल्या बाटल्या आज त्याच आकड्यांवर खपतात. पण ज्या डोक्यावर तीन आकडे एकत्र नांदतात, तिथे बाटलीवरचा आकडा कितीसा कामाचा? त्यापेक्षा ओला केस बोटांत धरून पाहावा.

खरी कसोटी लागते ती ‘वॉश डे’ला. अमेरिकेतल्या काळ्या कुटुंबांत हा आठवड्याचा ठरलेला कार्यक्रम असतो, अनेकदा रविवारचा, आणि त्यात दोन-तीन तास सहज जातात. शाम्पू फक्त टाळूला. मग केस निथळत असताना भरपूर कंडिशनर, आणि तो लगेच धुवायचा नाही. केसांचे चार भाग करून तीन चिमट्यांत अडकवायचे, मानेजवळचा हाती घ्यायचा. गुंत्याच्या वरच्या बाजूला बट मुठीत घट्ट धरली की ओढ मुठीवर येते, टाळूवर नाही. पोरीचं किंचाळणं निम्मं तिथेच थांबतं. आधी बोटं, मग मोठ्या दातांची फणी, तीही टोकापासून वर सरकत. मुळापासून फणी फिरवली की वरचे सगळे छोटे गुंते खाली एकाच गाठीत जमा होतात. सुटलेल्या भागाला सैल पीळ देऊन ठेवला की तो पुन्हा गुंतत नाही.

केस धुतल्यावर, पाणी ठिबकत असतानाच लीव्ह-इन क्रीम आणि जेल लावायचं. पाण्याने केसातले हायड्रोजन बंध सुटतात आणि वाळताना केस ज्या आकारात असेल त्याच आकारात पुन्हा जुळतात. मधेच हात फिरवला की वळण मोडतं. टॉवेलऐवजी जुना सुती टी-शर्ट घेऊन टिपावं, चोळू नये. झोपताना सॅटिनची टोपी. शाळेसाठी दोन पेडी पीळ किंवा टाळूलगतच्या बारीक वेण्या आठवडाभर टिकतात. पण कपाळाच्या कडेला पुटकुळ्या दिसल्या किंवा मूल दुखतंय म्हणालं, तर वेणी त्याच रात्री सोडावी. सतत ओढ बसली तर तिथले केस कायमचे जाऊ शकतात.

लंडनला किंवा न्यू जर्सीला नातवंडांकडे गेलेली मराठी आजी हे कोरडे केस पाहून पहिल्यांदा तेलाची बाटली शोधते. तिचं अर्धं बरोबर आहे, आणि त्या अर्ध्याला मुंबईचाच पुरावा आहे. मॅरिकोच्या संशोधकांनी 2003 मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना छापली. धुताना केसातलं प्रथिन कमी जाऊ देणारं तेल त्यांत खोबरेलच ठरलं, कारण ते केसाच्या आत शिरतं. मात्र तेल म्हणजे पाणी नव्हे. कोरड्या केसावर नुसतं तेल चोपडून ओलावा येत नाही. धुण्याआधी लावावं, किंवा ओल्या केसावर दोन थेंब. आणि बारीक दातांची फणी आजीने बॅगेतच राहू द्यावी.

बाजाराला या केसांची जाग उशिरा आली, पण आली ती भांडणासकट. कॅलिफोर्नियातल्या दोन मिश्रवंशीय मैत्रिणींनी ‘मिक्स्ड चिक्स’ नावाने उत्पादनं काढली. पुढे ‘सॅली ब्यूटी’ या बड्या साखळीने ‘मिक्स्ड सिल्क’ आणलं, तेव्हा नक्कल केल्याचा आरोप ठेवून त्या कोर्टात गेल्या. 2012 मध्ये ज्यूरीने त्यांना 80 लाख डॉलरहून अधिक भरपाई दिली. फावल्या वेळचा उद्योग म्हणण्याजोगा हा आकडा नाही.

सलूनवाले त्याहूनही मागे राहिले. ब्रिटनमध्ये आफ्रिकी आणि कुरळे केस कापण्या-सजवण्याचं ज्ञान केशकर्तनाच्या राष्ट्रीय मानकांत सक्तीचं झालं ते 2021 मध्ये. त्याआधी असे केस हाताळल्याशिवाय कुणीही पात्र कारागीर ठरू शकत होता. ओल्या केसांची लांबी पाहून कात्री चालवणारा असा कारागीर भेटला की पंचाईत: वाळताना हे केस आखडून निम्मे होऊ शकतात, आणि खांद्यापर्यंत मागितलेला कट कानापाशी येऊन थांबतो. जाणकार म्हणूनच ते वाळलेलेच, एकेक वळण पाहत कापतात.

याला कंटाळून केस रसायनाने सरळ करणाऱ्याही कमी नाहीत. त्या रिलॅक्सरमध्ये काय असतं, आणि अमेरिकेतल्या 33,497 स्त्रियांच्या पाहणीतून 2022 मध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाबद्दल काय पुढे आलं, ते पुढच्या आठवड्यात.