विरोधकांनी जपलेला कवी

ल्युक्रेशियसचं 'दे रेरुम नातुरा' हे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातलं काव्य एपिक्युरसचा विचार मांडतं: जे आहे ते अणू आणि पोकळी, आत्मा देहाबरोबरच संपतो, देवांना माणसाच्या सुखदुःखाचं सोयरसुतक नाही. सहा खंड, सुमारे ७,४०० ओळी. ख्रिस्ती युरोपात अशा काव्याचा निभाव लागणं कठीणच होतं. तो लागला, आणि बराचसा त्याचं म्हणणं मुळीच न पटणाऱ्यांच्या हातून.

इ.स.पू. ५४ मध्ये सिसेरोने भावाला लिहिलेल्या पत्रात या काव्याची तारीफ आहे. एपिक्युरसपंथीयांना मात्र त्याने पुढे आपल्या ग्रंथांतून चांगलंच झोडपलं. चार शतकांनंतर संत जेरोमने नोंदवून ठेवलं, की कवी वशीकरणाच्या औषधाने वेडा झाला, मधूनमधून शुद्धीवर येई तेव्हा लिहीत गेला आणि शेवटी त्याने आत्महत्या केली. याला दुसरा पुरावा नाही. तरी ही कथा चिकटली ती चिकटलीच. १८६८ मध्ये टेनिसनने तिच्यावरच कविता रचली.

नवव्या शतकातली दोन प्रमुख हस्तलिखितं आज लायडनच्या विद्यापीठ ग्रंथालयात आहेत, एक लांबट आणि एक चौकोनी. लांबट प्रतीत डुंगाल या आयरिश विद्वानाने चुका सुधारल्या, लेखनिकाकडून सुटलेल्या ओळी भरल्या. परक्या, धर्मबाह्य विचाराच्या ओळींसाठी त्याने घेतलेली ही मेहनत मला नंतरच्या कुठल्याही शोधापेक्षा मोलाची वाटते. आपल्याकडे चार्वाकांच्या नशिबी असा डुंगाल आला नाही. त्यांचं मत मुख्यतः खंडनासाठी दिलेल्या उताऱ्यांतूनच आपल्यापर्यंत पोचलं.

१४१७ मध्ये पोपच्या दरबारी सचिव राहिलेल्या पोज्जो ब्राच्चोलिनीला जर्मन प्रदेशातल्या एका मठात हे काव्य सापडलं. त्याने नक्कल करवून फ्लॉरेन्सला निक्कोलो निक्कोलीकडे पाठवली, आणि निक्कोलीने ती दहा वर्षांहून अधिक काळ परतच केली नाही. स्टीफन ग्रीनब्लाट यांच्या 'द स्वर्व्ह' (२०११) या पुस्तकाने आधुनिक जगाचा उगम या शोधाशी नेऊन भिडवला. पुस्तक रसाळ आहे, पण मला ते पटत नाही. एडा पामर यांनी त्या काळच्या प्रतींच्या समासांतल्या नोंदी तपासल्या आणि २०१४ मध्ये निष्कर्ष मांडले. वाचकांच्या खुणा बहुतेक ठिकाणी अनवट शब्दांपाशी, पाठभेदांपाशी, नीतिवचनांपाशी होत्या. अणूंपाशी थांबणारे थोडे. त्या थोड्यांतला एक मॅकियाव्हेली. त्याने अख्खं काव्य स्वतःच्या हाताने उतरवून काढलं. अणू आपल्या वाटेवरून किंचित कलतात, त्या जागेच्या जवळ त्याने समासात नोंद केली, की मनाचं स्वातंत्र्य यातूनच येतं.

या साऱ्या वाचकांत लूसी हचिन्सनपाशी मी सर्वांत जास्त रेंगाळते. ही कट्टर प्युरिटन बाई. १६५० च्या दशकात तिने सहाही खंड इंग्रजी पद्यात आणले. मुलं शिक्षकांकडे धडे गिरवत त्याच खोलीत ती कशिदा काढत बसे, ओळीतली अक्षरं कापडाच्या धाग्यांवर मोजी आणि शेजारच्या दौत-टाकाने उतरवून ठेवी. १६७५ मध्ये एका उमरावाला हस्तलिखित देताना तिने या काव्याचा निषेध केला, त्यातल्या नास्तिकतेची आपल्याला किळस येते असं बजावलं. पण जाळलं नाही. स्वच्छ प्रत करवून दिली. छापून आलं थेट १९९६ मध्ये.

इटलीत तर मूळ लॅटिन काव्य निषिद्ध ग्रंथांच्या यादीतून वाचलं, मात्र मार्केत्तीचा इटालियन अनुवाद लंडनला १७१७ मध्ये छापला गेला आणि लगेच त्या यादीत गेला. लॅटिन येणाऱ्याने वाचलं तर चालेल, बाजारातल्या माणसाने नको, असा तो हिशोब होता.

१८५० मध्ये बर्लिनच्या कार्ल लाखमानने काव्याची संशोधित आवृत्ती काढली. चौकोनी प्रतीत चार तुकडे आपली जागा सोडून शेवटी जाऊन बसलेले आहेत आणि त्यांचं माप ५२ ओळींचं आहे. म्हणजे ज्या पोथीवरून या प्रती उतरल्या तिच्या पानाच्या एका बाजूला २६ ओळी असणार, आणि तिची चार पानं कधीतरी निखळली असणार. कुणीही न पाहिलेल्या पोथीचा आकार त्याने असा बसवला. निखळलेल्या पानांपैकी एकावर इच्छास्वातंत्र्याचा तोच उतारा होता. पोज्जोची प्रत डुंगालच्या लांबट हस्तलिखिताच्या घराण्यातली, म्हणून मॅकियाव्हेलीला तो जागच्या जागी वाचायला मिळाला.