खांद्याचे दुखणे आणि त्याची हस्तपरीक्षा

उंच फळीवरचा डबा काढावयास हात वर केला आणि खांद्यातून कळ गेली. सदरा घालताना दुसरी बाही अडली. वेणी घालताना हात डोक्यामागे जाईना. रात्री त्या कुशीवर निजता येईना. खांद्याचा रुग्ण आपले दुखणे बहुधा अशाच शब्दांत सांगतो. कोठे दुखते असे विचारले असता तो पुष्कळदा सांध्यावर बोट न ठेवता दंडाच्या बाहेरच्या बाजूवर तळहात फिरवतो. तेथे बहुधा काहीच बिघडलेले नसते. सांध्यातील वेदना मज्जातंतूंच्या मार्गाने तेथे भासते एवढेच. तेव्हा दोषाची जागा रुग्णाच्या बोटावरून ठरत नाही. ती सांध्याच्या हालचालींवरूनच शोधावी लागते.

आज क्ष-किरणांचे चित्र मिळते, श्राव्यातीत ध्वनीने कंडरा पाहता येतात, एम्. आर्. आय्. यंत्राने तर सांध्याचा थर अन् थर दिसतो. मग हातांनी तपासण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणासही पडेल. त्याचे उत्तर १९९५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सापडते. खांद्याची कसलीही तक्रार नसलेल्या ९६ व्यक्तींची एम्. आर्. आय्. चित्रे त्यात घेण्यात आली होती. त्यांपैकी साठीच्या पुढच्या व्यक्तींत निम्म्याहून अधिकांच्या कंडरा अंशतः किंवा पूर्णतः फाटलेल्या आढळल्या. आणि ही सर्व माणसे आपापली कामे विनातक्रार करीत होती! कंडरा फाटलेली आहे हे चित्र सांगते. रुग्णाला जे दुखते ते तिच्यामुळेच की काय, हे मात्र ते सांगू शकत नाही. केवळ चित्र पाहून शस्त्रक्रिया ठरवली, तर न दुखणाऱ्या जागेवर सुरी चालण्याचा संभव राहतो.

परीक्षेचे मर्म समजण्यासाठी सांध्याची रचना थोडी ध्यानात घ्यावी लागेल. भुजास्थीचा माथा मोठा व गोल असून तो खवाट्याच्या कडेवरील एका लहान, उथळ खोबणीला टेकलेला असतो. बशीवर चेंडू ठेवावा तसा हा प्रकार आहे. कोणत्याही क्षणी माथ्याचा जेमतेम तिसरा हिस्सा खोबणीला लागतो. मांडीच्या सांध्याप्रमाणे येथे खोल वाटी नाही, म्हणून हात चहूकडे फिरतो. आणि म्हणूनच तो निखळतोही लवकर. हा माथा जागच्या जागी धरून ठेवण्याचे काम मुख्यतः चार स्नायू करतात. ते खवाट्यापासून निघतात आणि त्यांच्या कंडरा सदऱ्याच्या कफाप्रमाणे माथ्याला वेढून बसतात. म्हणून या वेढ्याला ‘रोटेटर कफ’ असे नाव पडले आहे. या कफाच्या वर खवाट्याचेच एक टोक छपरासारखे पुढे आलेले असते; त्यास अंसकूट म्हणतात.

हात बाजूने पूर्ण वर नेला म्हणजे तो सुमारे १८० अंशांतून जातो. परंतु ही सर्व हालचाल एकट्या सांध्याची नव्हे. तीत खवाटाही बरगड्यांवरून सरकत असतो. या दोहोंच्या जुळणीतील ताल बोस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ च्या आपल्या ‘द शोल्डर’ या ग्रंथात वर्णिला. पुढे १९४४ साली इन्मन, साँडर्स व ॲबट यांनी मोजमाप करून असे दाखवले की, स्थूलमानाने सांध्याचे दोन अंश होतात तेव्हा खवाट्याचा एक अंश होतो. सांधा आखडला किंवा कफ दुबळा झाला की हा ताल मोडतो आणि रुग्ण हात उचलू जाताच प्रथम खांदाच कानाकडे उचकतो.

ही गोष्ट समोरून नीट दिसत नाही. यास्तव परीक्षक रुग्णाला दोन्ही खांदे उघडे करून बसवतो आणि स्वतः पाठीमागे उभा राहतो. खवाट्यावर जो हाडाचा आडवा कणा असतो, त्याच्या वरचा वा खालचा भाग दुसऱ्या बाजूपेक्षा खोलगट दिसला, तर तेथील स्नायू वाळत चालला आहे असे समजावे. या पहिल्या पाहण्याला कसलेही नाव नाही, आणि कदाचित त्यामुळेच घाईच्या दिवशी ते वगळले जाते.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची. प्रत्येक हालचाल दोनदा पाहावयाची: एकदा रुग्णाने स्वतः करून, आणि एकदा रुग्णाचा हात सैल ठेवून परीक्षकाने करून. रुग्णाला स्वतः हात वर नेता येत नाही, पण परीक्षकाने उचलला असता तो सहज वर जातो, अशी स्थिती असेल तर सांधा मोकळा आहे. ओढणारी दोरी तुटलेली किंवा तिला चालवणारा मज्जातंतू निकामी झालेला आहे. उलट दोघांचाही हात एकाच ठिकाणी अडत असेल, तर सांध्याचे आवरणच आवळलेले असण्याचा संभव अधिक. कॉडमन यांनी ‘गोठलेला खांदा’ म्हणून ज्याचे वर्णन केले तो हाच विकार. आपल्याकडे ‘खांदा आखडला’ असे म्हणतात, आणि मधुमेही रुग्णांत तो विशेष आढळतो. त्याची खूण साधी आहे. कोपर कुशीला चिकटवून व काटकोनात वाकवून हात बाहेरच्या बाजूस वळवावा. आखडलेल्या खांद्यात ही वळण सर्वांत आधी व सर्वांत अधिक कमी होते.

मात्र येथे एक फसगत होऊ शकते. विजेचा जबर धक्का बसल्यावर किंवा अपस्माराचा झटका येऊन गेल्यावर भुजास्थीचा माथा कधी कधी मागच्या बाजूस निखळतो. त्यातही हात बाहेर वळत नाही, आणि समोरून घेतलेले क्ष-किरणचित्र वरवर पाहता निर्दोष भासते. आखडलेला खांदा समजून अशा रुग्णाला महिनोन्‌महिने व्यायाम करावयास लावले गेल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात आहेत. दुखण्याची सुरुवात कशी झाली हा एक प्रश्न विचारला असता आणि बाजूने दुसरे चित्र घेतले असते, तर हे टळले असते.

हात बाजूने वर नेताना ६० ते १२० अंशांच्या दरम्यानच दुखणे, आणि त्याच्या खाली व वर न दुखणे, यास ‘वेदनेची कमान’ म्हणतात. ही खूण कफाच्या वरच्या कंडरेकडे बोट दाखवते. मग एकेका स्नायूची शक्ती अजमावण्यात येते. हात खांद्याच्या उंचीवर, किंचित पुढे धरून अंगठा जमिनीकडे वळवावा, जणू हातातील डबा उपडा केला आहे. परीक्षक हात खाली दाबतो आणि रुग्णाने तो तसाच धरून ठेवावयाचा. यालाच ‘रिकाम्या डब्या’ची चाचणी म्हणतात. अंगठा वर ठेवून, म्हणजे भरलेला डबा धरल्याप्रमाणे, हीच चाचणी केली तर दुखते कमी आणि काम जवळजवळ तेच होते. येथे वेदनेपेक्षा दुर्बलतेला महत्त्व आहे. खवाट्याच्या पुढील पृष्ठभागावरच्या स्नायूसाठी गेर्बर व क्रुशेल यांनी १९९१ साली एक नामी युक्ती सांगितली. हाताची पाठ कमरेवर टेकवून हात कमरेपासून मागे उचलावयाचा. छातीचा मोठा स्नायूही हात आत वळवतो; परंतु या स्थितीत त्याची मदत फारशी मिळत नाही, आणि दुबळ्या स्नायूचे सोंग उघडे पडते.

तथापि वेदनेमुळेही माणूस जोर लावीत नाही. तुटलेल्या कंडरेची दुर्बलता आणि दुखऱ्या कंडरेची दुर्बलता यांत भेद कसा करावा? अमेरिकन शल्यचिकित्सक चार्ल्स नीर यांनी यासाठी अंसकूटाखाली बधिरतेचे औषध टोचण्याची रीत रूढ केली. वेदना गेल्यावर शक्ती परत आली, तर कंडरा बहुधा शाबूत आहे. वेदना जाऊनही हात उचलवत नसेल, तर ती फाटली असल्याचा संशय बळावतो.

हात पुढून वर नेऊन कफ अंसकूटाखाली दाबण्याची नीर यांची खूण, तसेच हात समोर काटकोनात धरून आत वळवण्याची हॉकिन्स व केनेडी यांनी १९८० साली वर्णिलेली खूण, या दोन्ही जगभर शिकवल्या जातात. त्यांची किंमत मात्र हिशेब करून पाहावी. अनेक अभ्यास एकत्र करून पाहता, विकार असलेल्या दहांपैकी सुमारे आठ रुग्णांत या खुणा सापडतात. पण विकार नसलेल्या दहांपैकी सुमारे चारांतही त्या सापडतात. समजा १०० रुग्ण आले व त्यांपैकी ५० जणांना खरोखर विकार आहे. त्यांत ४० जणांत खूण मिळेल. उरलेल्या निरोगी ५० जणांतही २० जणांत मिळेल. म्हणजे खूण मिळालेल्या ६० पैकी २० जणांचे निदान चुकेल. शिवाय अंसकूटाच्या घासण्यानेच वेदना होते ही कल्पनाही आता डळमळली आहे. ते हाड तासून जागा मोकळी करण्याची शस्त्रक्रिया आणि सांध्यात केवळ दुर्बीण घालून पाहण्याची क्रिया यांची तुलना करणारा एक ब्रिटिश प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात रुग्णांच्या दृष्टीने लक्षणीय असा फरक दिसला नाही. तेव्हा या खुणा मिळाल्या म्हणजे ‘येथील ऊती चिडलेल्या आहेत’ एवढेच म्हणणे रास्त होय.

एका खुणेने जे साधत नाही ते अनेकींच्या मेळाने साधते. सिडनी येथील मरेल व वॉल्टन यांनी २००१ साली तीन गोष्टी एकत्र पाहिल्या: वरच्या स्नायूची दुर्बलता, हात बाहेर वळवण्याची दुर्बलता आणि दाबल्यावर होणारी वेदना. तिन्ही असल्या, किंवा रुग्ण साठीचा वा त्याहून मोठा असून त्यांपैकी दोन असल्या, तर कफ फाटलेला असण्याची शक्यता त्यांच्या रुग्णांत ९८ टक्के ठरली.

तरुण खेळाडूंचे दुखणे निराळे असते. एकदा निखळलेला खांदा पुन्हा निखळेल या धास्तीची परीक्षा करताना परीक्षक रुग्णाला उताणे निजवून हात बाजूस काटकोनात नेतो आणि सावकाश बाहेर वळवतो. येथे त्याचे लक्ष सांध्याइतकेच रुग्णाच्या चेहऱ्यावर असते. नुसते दुखले तर त्याला फारसा अर्थ नाही. पण रुग्ण दचकून हात आवळून घेऊ लागला, तर खूण मिळाली. मग माथ्यावर पुढून तळवा दाबून धरला असता ती धास्ती ओसरते.

खांद्यातील सर्वच वेदना खांद्याच्या नसतात. हात डोक्यावर ठेवला असता बरे वाटते असे रुग्ण सांगू लागला, तर मानेतील मज्जातंतूच्या मुळाचा विचार करावा. पित्ताशयाचा दाह उदरपटलाला पोहोचला तर उजव्या खांद्याच्या टोकाला दुखते, कारण त्या पडद्याचा मज्जातंतू मानेतूनच खाली आलेला आहे. आणि डाव्या खांद्यात दुखत आहे, घाम सुटला आहे, छाती दडपली आहे, पण हात कसाही फिरवला तरी वेदनेत काडीचा फरक पडत नाही, असे दिसले की परीक्षकाने खांद्यावरचा हात काढून घ्यावा आणि रुग्णाला तत्काळ हृदयविद्युत्‌आलेखासाठी पाठवावे.